एफएससीके (डिस्कवरची फाइलसिस्टिम तपासणारी आज्ञा) म्हणतं ब्लॉक जास्त, पार्टिशन कमी. वाचनालयाची डिस्क आहे, मदत हवी

मलप्रभेकाठचा (खानापूर तालुका), सोमवार रात्री १०.२०

मंडळी, नमस्कार. फोनवरून लिहितोय. स्क्रीनवर जे दिसतंय ते वाचून मराठीत उतरवतोय.

आमच्या गावच्या वाचनालयाची ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे, बाहेरून यूएसबीला लावायची. तीन वर्षं आम्ही चौघंजण मिळून तिच्यावर स्कॅन साठवतोय. सभासदांच्या जुन्या नोंदवह्या, दिवाळी अंक, गावातल्या दोन घरांतल्या पोथ्या. शिवाय एक वही आहे, गावातल्या बायकांनी सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्यांची. एका बाईंनी शाळेत शिकवता शिकवता ती लिहून काढली होती. मागच्या पावसाळ्यात कपाटाला वाळवी लागली आणि मूळ वही गेली. आता स्कॅन केलेली चौसष्ट पानं एवढंच उरलंय, आणि ती या डिस्कवर आहेत.

डिस्कवर एकच पार्टिशन (भाग) होतं, लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टिमचं, म्हणजे फायली मांडून ठेवायच्या पद्धतीचं. शाळेतल्या विंडोजच्या कॉम्प्युटरवरही ती चालावी म्हणून तिचे दोन भाग करायला घेतले. भरलेली जागा ७१ जीबी, म्हणून पहिला भाग १०० चा ठेवायचं ठरवलं. आधी ई२एफएससीके (ईएक्सटी४ साठीचं एफएससीके) चालवून घेतलं, काही चूक निघाली नाही. मग फाइलसिस्टिम लहान करायला रिसाइझ२एफएसला १००जी सांगितलं, तेही नीट झालं. मग पार्टिशनही तेवढंच करायला पार्टेडमध्ये रिसाइझपार्ट, एक नंबर, १००जीबी. 'डेटा जाऊ शकतो' असा इशारा आला, पण तो नेहमीच येतो असं वाचलं होतं, म्हणून हो म्हटलं. उरलेल्या जागेत दुसरं पार्टिशन केलं आणि त्यावर विंडोजचं एनटीएफएस फॉरमॅट करायला एमकेएनटीएफएस चालवलं. शून्यं भरतोय, १ टक्का, असं दिसत होतं आणि लाईट गेली. दोन-तीन मिनिटं झाली असतील तेव्हा. इथे पाऊस धो धो आहे.

लाईट आल्यावर पहिलं पार्टिशन माउंटच होईना. ई२एफएससीके चालवलं तर म्हणतं: फाइलसिस्टिमचा आकार सुपरब्लॉकप्रमाणे (फाइलसिस्टिमची स्वतःबद्दलची नोंद) २६२१४४०० ब्लॉक, डिव्हाइसचा प्रत्यक्ष आकार २४४१३८०६ ब्लॉक, सुपरब्लॉक किंवा पार्टिशन टेबल बहुधा बिघडलंय. आणि विचारतं, अबॉर्ट? वाय लावून चालवलं तरी दर वेळी तिथेच थांबतं. लाईट गेल्यामुळे सुपरब्लॉक खराब झाला असेल का? काय करू?

चिक्कोडीवाला, सोमवार रात्री १०.४१

अरे घाबरायलास कशाला. माझं पण असंच झालतं. तिथं अबॉर्ट विचारलं की एन दाब, पुढं जातंय बघ. मी तसंच केलो, झालं की सगळं नीट.

शहापूरची लेक (बेळगाव), सोमवार रात्री १०.४६

एन दाबू नका. दाबलं नसेल तर हात बाजूला घ्या आणि डिस्कची केबल काढून ठेवा. उरलेलं मग बोलू.

चिक्कोडीवाले दादा, तुमचं निभावलं, कारण तुमच्या फाइलसिस्टिमच्या शेपटाकडे बहुधा काही भरलेलं नव्हतं. यांचं तसं असेल याची खात्री नाही. एन म्हणजे 'थांबू नकोस, पुढे चल'. पुढे गेल्यावर पार्टिशनच्या बाहेर पडलेला प्रत्येक ब्लॉक त्याला वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही त्याबद्दल ते एकेक प्रश्न विचारत जातं: दुर्लक्ष करू का, जबरदस्तीने लिहू का, ही नोंद काढून टाकू का. माणूस कंटाळून सगळ्याला हो म्हणत सुटतो. चालू असलेल्या फायलींच्या नोंदी अशाच पुसल्या जातात.

आणि वाय लावूनही ते थांबतं याचं कारण हेच आहे की प्रश्नच 'थांबू का' असा आहे. वाय म्हणजे 'हो, थांब'. ज्याने हा प्रश्न असा लिहिला त्याने विचार करून लिहिलाय.

मलप्रभेकाठचा, सोमवार रात्री १०.५८

एन दाबलेलं नाही ताई. केबल काढली.

निपाणीचा जुना युनिक्सवाला, सोमवार रात्री ११.३०

बाळा, केबल काढलीस हे फार बरं केलंस. आता शांतपणे वाच.

एफएससीके तुला रोग सांगत नाही. ते दोन आकडे सांगतंय आणि ते जुळत नाहीत म्हणतंय. एक आकडा फाइलसिस्टिमच्या आत लिहिलेला आहे, ती स्वतःला केवढी समजते तो. दुसरा आकडा कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, पार्टिशन टेबल वाचून सांगितलेला. लाईट जाऊन सुपरब्लॉक बिघडला असता तर त्यात २६२१४४०० इतका नीटस आकडा आला नसता. गुणून बघ. ब्लॉक ४०९६ बाइटचा. २६२१४४०० गुणिले ४०९६ म्हणजे १०७३७४१८२४०० बाइट. हे १०२४ च्या हिशेबाने बरोबर १०० जी आहेत, एक बाइट इकडे नाही की तिकडे नाही. म्हणजे रिसाइझ२एफएसने तुझं काम चोख केलंय. चुकलंय ते दुसरीकडे. मला वाटतं कुठे ते मला कळलंय, पण यूएसबीचा डबा मध्ये बदललास का ते आधी सांग. काही डबे डिस्कचे सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे म्हणून दाखवतात. डबा बदलला की जुनं पार्टिशन टेबल भलत्याच मापाने वाचलं जातं आणि अशाच तक्रारी येतात.

आम्ही सहकारी बँकेत असताना एससीओ युनिक्स होतं. तिथे पार्टिशनच्या आतल्या वाटण्या करायला डिव्ही नावाची आज्ञा असे. एका वाटणीचा शेवटचा ब्लॉक आणि पुढच्या वाटणीचा पहिला ब्लॉक यांत गल्लत झाली की रात्रीच्या एफएससीकेला घाम फुटायचा. आम्ही त्या वाटण्यांचे आकडे वहीत लिहून वही तिजोरीत ठेवत होतो. रूट, म्हणजे मुख्य फाइलसिस्टिम, मोठं असेल तर एफएससीकेला स्वतःच्या टिपणासाठीसुद्धा एक वेगळा तुकडा लागायचा, त्याला स्क्रॅचच म्हणत. तेवढी जागा ठेवायला विसरलं की तपासणीच अडायची. मेमरी किती थोडी होती तेव्हा. आजही फार मोठी डिस्क आणि थोडी मेमरी असेल तर ई२एफएससीकेला टिपणं डिस्कवर ठेव म्हणून सांगता येतं, पण तुला त्याची गरज नाही.

मलप्रभेकाठचा, सोमवार रात्री ११.३८

डबा तोच आहे काका, पहिल्यापासून. कॉम्प्युटरही तोच.

शहापूरची लेक, सोमवार रात्री ११.५२

मग काकांच्या मनात जे आहे तेच माझ्याही आहे. जी आणि जीबी.

रिसाइझ२एफएसला १००जी म्हटलं की ते १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ चा एक जी धरतं. पार्टेडला १००जीबी म्हटलं की ते १००० गुणिले १००० गुणिले १००० चा एक जीबी धरतं. दोन हत्यारं, दोन मापं, आणि लिहिताना फक्त एका अक्षराचा फरक. १९९८ मध्ये १०२४ वाल्या मापाला जीआयबी असं वेगळं नाव ठरलं, पण सगळ्या हत्यारांनी ते सारखं उचललं नाही. तुमचीच डिस्क बघा. खोक्यावर ५०० जीबी, पार्टेडमध्ये ५०० जीबी, आणि एफडिस्कमध्ये ४६५.७६ जीआयबी. डिस्क तीच आहे, ५००१०७८६२०१६ बाइटची.

आणखी एक आहे. पार्टेडच्या रिसाइझपार्टमध्ये आपण जो आकडा देतो तो पार्टिशनचा आकार नसतो. तो डिस्कच्या सुरुवातीपासून मोजलेला शेवट असतो. तुमचं पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होत असणार, म्हणजे तिथेही एक एमआयबी गेला. १०० जीबीचा शेवट धरून हिशेब केला तर पार्टिशन २४४१३८०६ ब्लॉकांचं येतं. तुमच्या स्क्रीनवर नेमका हाच आकडा आहे. कोडं सुटलं. फाइलसिस्टिमचे शेवटचे १८००५९४ ब्लॉक, साधारण ७.३७ जीबी, हद्दीच्या बाहेर राहिले.

मोजणीदार (संकेश्वर), मंगळवार सकाळी ७.१५

मला लिनक्समधलं काही कळत नाही, पण हे दुखणं मी रोज बघतो, म्हणून लिहितो.

आमच्या भागात एकाच माणसाची थोडी जमीन सीमेच्या अलीकडे, थोडी पलीकडे असते. इकडच्या आरटीसीवर (कर्नाटकातला जमिनीचा उतारा) एकर-गुंठे, पलीकडच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर. बोलताना लोक आर आणि गुंठा एकच धरतात. पण आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे १०१.१७. दोन-चार गुंठ्यांत फरक कळत नाही. शंभर गुंठ्यांत एक आरापेक्षा जास्त तफावत येते आणि बांधावर कोयता निघतो. तुमच्याकडे तर शंभरात सात म्हणताय. एवढ्यात विहीर बसेल.

आमच्याकडे पोटहिस्सा विकायचा तर आधी अकरा-ई नकाशा (त्या हिश्श्याच्या मोजणीचा) काढावा लागतो, मगच पुढे नोंदणी. मोजणी आधी, दगड मागाहून. तुमच्याकडे दगड आधी रोवलेला दिसतोय.

शहापूरची लेक, मंगळवार सकाळी ७.४०

अण्णा, इतकं सोपं करून मला माझ्या विद्यार्थ्यांना कधी सांगता आलं नव्हतं. आज वर्गात हेच सांगणार आहे. फक्त एक. यांनी मोजणी आधीच केली होती, क्रम बरोबर होता. दगड रोवताना साखळी बदलली गेली.

आता मलप्रभेकाठचे दादा, खरी काळजी पुढे आहे. आधी सांगत नव्हते, कारण रात्री झोप लागली नसती.

हद्द नुसती चुकली असती तर पार्टिशन पुन्हा पुढे सरकवलं की काम झालं असतं, एक बाइटसुद्धा गेला नसता. पार्टिशन टेबल म्हणजे फक्त सुरुवात-शेवटाची नोंद, तिने आतलं काही हलत नाही. पण तुम्ही त्या बाहेर राहिलेल्या पट्ट्यातच दुसरं पार्टिशन बसवलं आणि एमकेएनटीएफएस चालवलं. मोठ्या लिपीतला क्यू हा पर्याय दिला होता का? तो दिला की झटपट फॉरमॅट होतं, थोड्याच ठिकाणी लिहिलं जातं. तो दिला नाही तर ते पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत शून्यं भरत जातं. तुमचं दुसरं पार्टिशन ४०० जीबीचं. त्याचा १ टक्का म्हणजे ४ जीबी. आणि ते पहिले ४ जीबी म्हणजे तुमच्या ईएक्सटी४ चंच शेपूट.

मलप्रभेकाठचा, मंगळवार सकाळी ८.०५

क्यू दिला नव्हता.

निपाणीचा जुना युनिक्सवाला, मंगळवार सकाळी ८.२०

ठीक आहे. लाईट गेली हे तुझं नशीब म्हणायचं. गेली नसती तर आणखी दोन-तीन मिनिटांत सगळं सात जीबी धुऊन निघालं असतं.

आता जे काही करायचं ते मूळ डिस्कवर करायचं नाही. आधी प्रत. दुसरी मोठी डिस्क मिळव आणि डीडीरेस्क्यूने प्रतिमा घे, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत एका फाइलमध्ये. अख्खी ५०० जीबी घ्यायची गरज नाही. सुरुवातीपासून फाइलसिस्टिमच्या शेवटापर्यंत पुरे. हिशेब देतो, दोनदा तपासलाय: २६२१४४०० ब्लॉक म्हणजे २०९७१५२०० सेक्टर. त्यात सुरुवातीचे २०४८ मिळव, २०९७१७२४८ सेक्टर. म्हणजे १०७३७५२३०९७६ बाइट. तेवढं उतरवून घे. तुझ्या यूएसबीच्या वेगाने तासभर लागेल. डीडीरेस्क्यूला नोंदीची फाइल जरूर दे, म्हणजे पुन्हा लाईट गेली तर जिथे थांबलं तिथून पुढे जाता येईल.

मलप्रभेकाठचा, मंगळवार दुपारी २.३०

बेळगावच्या एका मित्राने १ टीबीची डिस्क दिली. दहाच्या गाडीने जाऊन घेऊन आलो. प्रतिमा झाली, एकही वाचन-चूक नाही. तिची आणखी एक प्रत त्याच डिस्कवर केली. मूळ डिस्क कापडात गुंडाळून वाचनालयाच्या कपाटात ठेवली. पुढचं सांगा.

शहापूरची लेक, मंगळवार दुपारी ३.१०

शून्यं कुठपर्यंत गेली आहेत ते आधी बघू. दुसरं पार्टिशन कुठल्या सेक्टरपासून सुरू झालं?

मलप्रभेकाठचा, मंगळवार दुपारी ३.२२

१९५३१३६६४.

शहापूरची लेक, मंगळवार दुपारी ३.३५

त्या सेक्टरपासून पुढे सीएमपी या आज्ञेने डेव्ह-झीरोशी, म्हणजे नुसती शून्यं देणाऱ्या फाइलशी, ताडून बघा. पहिला वेगळा बाइट कुठे सापडतो ते ते सांगेल. सेक्टरला ५१२ ने गुणून तेवढे बाइट सोडायला सांगा.

मलप्रभेकाठचा, मंगळवार दुपारी ४.०५

साधारण ४.६ जीबी पुढे पहिला वेगळा बाइट सापडला.

शहापूरची लेक, मंगळवार सायंकाळी ५.२०

कॉलेजातून आता निघाले, बसमध्ये लिहितेय.

४.६ जीबी म्हणजे ३४ ब्लॉक-ग्रुप. ईएक्सटी४ जागेचे १२८ एमआयबीचे वाफे पाडतं, त्यांना ग्रुप म्हणतात. तुमच्या १०० जीआयबीत ८०० ग्रुप आहेत. तुमची चुकीची हद्द ७४५ व्या ग्रुपमध्ये पडली आणि शून्यं ७७९ च्या आसपास थांबली. त्यापुढचे वीसेक ग्रुप शाबूत आहेत, फक्त कुंपणाबाहेर.

चांगली गोष्ट: सुपरब्लॉकच्या राखीव प्रती ठरावीक ग्रुपमध्ये असतात, १ मध्ये आणि मग ३, ५, ७ यांच्या घातांच्या ग्रुपमध्ये. ६२५ मध्ये आहे, ७२९ मध्ये आहे, पुढची थेट २१८७ मध्ये येते. म्हणजे पुसलेल्या पट्ट्यात एकही नव्हती.

वाईट गोष्ट: नेहमीच्या मांडणीत सोळा-सोळा ग्रुपांची आयनोड टेबलं एकत्र ठेवलेली असतात. ७५२ आणि ७६८ या ग्रुपांच्या सुरुवातीला त्यांच्या पुढच्या सोळांची टेबलं होती, ती दोन्ही गेली. आयनोड म्हणजे फाइलचा उतारा समजा. जमीन जागेवर असते, उतारा हरवतो.

आता प्रतिमेला लूप डिव्हाइस म्हणून जोडा, म्हणजे ती फाइलच डिस्कसारखी दिसेल, १०४८५७६ बाइटचा ऑफसेट देऊन (सुरुवातीचे तेवढे बाइट सोडून). म्हणजे पार्टिशन टेबल मध्ये येतच नाही, आणि डिव्हाइस बरोबर २६२१४४०० ब्लॉकांचं दिसेल. मग ई२एफएससीके एफ (तपासच, असं सांगणारा) आणि एन देऊन. हा आज्ञेसोबतचा एन, 'काहीही लिहू नकोस, फक्त सांग' असा. कालच्या प्रश्नाचं उत्तर असलेला एन वेगळा. गोंधळ होतो म्हणून मुद्दाम सांगते.

मलप्रभेकाठचा, मंगळवार रात्री ८.५०

केलं. अबॉर्टचा प्रश्न आता येतच नाही! पण खाली ओळींवर ओळी येताहेत. अमुक नोंद न वापरलेल्या आयनोडकडे बोट दाखवते, पुसू का, नाही. बिटमॅप (कुठली जागा भरलेली याची नोंद) जुळत नाही, दुरुस्त करू का, नाही. असे पाच-सहा पडदे भरले.

निपाणीचा जुना युनिक्सवाला, मंगळवार रात्री ९.१०

अपेक्षेप्रमाणेच. त्या सगळ्या ओळी एका फाइलमध्ये साठवून ठेव. कुठल्या फायलींचे उतारे गेले त्यांची नावं त्यात आहेत, नंतर हीच यादी तुझ्या कामाची. एकदा दुरुस्ती चालवलीस की ती नावं पुसली जातील.

मग दुसऱ्या प्रतीवर वाय देऊन चालव. प्रतीवर चालवतोयस, त्यामुळे आता बिनधास्त.

निपाणीची वाचक, मंगळवार रात्री ९.४०

मध्येच विचारते, माफ करा. माझीही अशीच चूक येते, पण मी पार्टिशनला हातही लावला नाही. ५०० जीबीची जुनी डिस्क डीडीने (जशीच्या तशी उतरवणारी आज्ञा) ४८० जीबीच्या नव्या एसएसडीवर उतरवली होती. शेवटी जागा संपली असा निरोप आला होता.

शहापूरची लेक, मंगळवार रात्री ९.५५

कारण तेच, वाट वेगळी. नव्या एसएसडीत ४८०१०३९८१०५६ बाइटच आहेत, शेवटचे वीस जीबी उतरलेच नाहीत. पार्टिशन टेबल मात्र पाचशेवालं आलं. जुनी डिस्क अजून जवळ आहे ना? मग नवीतलं वाचवायच्या फंदात पडू नका. जुनीवर आधी एफएससीके, मग रिसाइझ२एफएसने फाइलसिस्टिम ४०० जीपर्यंत लहान, मग पार्टिशन तिच्यापेक्षा थोडं मोठं, आणि मग प्रत. टेबल जीपीटी (नव्या प्रकारचं) असेल तर त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. ती नव्या डिस्कवर नसेल, जीडिस्कने ती पुन्हा लिहून घ्यायची. आणि फाइलसिस्टिम एक्सएफएस असेल तर लहान करायचा विचार सोडा. ती वाढते, अशी आटत नाही. नवीन पार्टिशन करून फायली कॉपी करा.

निपाणीची वाचक, मंगळवार रात्री १०.०२

ईएक्सटी४ आहे. जुनी आहे. धन्यवाद ताई, वेगळा धागा काढते.

मलप्रभेकाठचा, बुधवार सकाळी ६.३०

रात्री दीडला संपलं. पार्टिशन माउंट झालं! बहुतेक फोल्डर दिसताहेत. लॉस्ट-फाउंडमध्ये (नाव हरवलेल्या फायली एफएससीके जिथे ठेवतं) नुसत्या आकड्यांची नावं असलेली काही फोल्डरं आणि फायली आहेत. पोथ्यांचं फोल्डर उघडलं, सगळं जागेवर. डोळ्यांत पाणी आलं, खरंच.

ओव्यांच्या वहीच्या फोल्डरमध्ये चौसष्टपैकी एक्केचाळीस फायली आहेत.

शहापूरची लेक, बुधवार सकाळी ७.००

आनंद वाटला. पण त्या एक्केचाळीस फायली एकेक करून उघडा. एफएससीके फाइलसिस्टिमची वही तपासतं: नोंदी जुळतात का, ब्लॉक दोघांना दिलेत का. फाइलच्या आत काय आहे ते ते बघत नाही. ईएक्सटी४ मेटाडेटाचा, म्हणजे नोंदींचा, चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवतं, तुमच्या स्कॅनचा नाही. म्हणजे ज्या फाइलचा उतारा शाबूत आणि जमीन त्या ४.६ जीबीत होती, ती फाइल नाव, तारीख, आकार सगळं घेऊन नीट दिसेल आणि आत नुसती शून्यं असतील.

सगळ्या डिस्कवर फाइल नावाची आज्ञा चालवा, आत बघून फाइल कसली आहे ते ती सांगते. जेपीईजी नाव असून जी 'डेटा' म्हणून येईल ती गेलेली. अर्धवट गेलेल्या यातून सुटतील. त्यांच्यासाठी चित्र पूर्ण उलगडून बघणारं काहीतरी लागेल, किंवा डोळे.

मलप्रभेकाठचा, बुधवार दुपारी १२.१५

वहीतल्या एक्केचाळीसपैकी चौतीस चांगल्या. पाच नुसती शून्यं. दोन खालून अर्ध्या करड्या.

बाकी डिस्कवर ३१२ फायली गेल्या. त्या बहुतेक दिवाळी अंकांच्या आहेत, आणि ते अंक कपाटात आहेत. पुन्हा स्कॅन करू, त्याचं दुःख नाही. वहीचं आहे.

निपाणीचा जुना युनिक्सवाला, बुधवार दुपारी १२.४०

थांब, अजून संपलेलं नाही. वहीच्या तेवीस फायली यादीतूनच गेल्यात ना? त्यांचे उतारे गेले. पण जमीन? उतारा ७५२ च्या टेबलात असला तरी फाइलचे ब्लॉक दुसरीकडे असू शकतात. रिसाइझ२एफएसने फायली उचलून इकडेतिकडे हलवल्या होत्या, त्यामुळे शक्यता बरीच आहे.

पहिली प्रत, जिच्यावर काही लिहिलेलं नाही, तिच्यावर फोटोरेक चालव. ते नोंदी बघतच नाही. जेपीईजीची सुरुवात ओळखून तिथून पुढे उचलत जातं. नावं मिळणार नाहीत, हजारो चित्रं येतील, त्यांतली बहुतेक तुझ्याकडे आधीच असलेली. पण वहीचं पान दिसलं की ओळखू येईल ना?

मलप्रभेकाठचा, बुधवार दुपारी १२.४६

येईल काका. निळ्या शाईची, समासाला लाल रेघ असलेली. लांबूनही ओळखेन.

चिक्कोडीवाला, बुधवार रात्री ८.३०

मी सोमवारी सांगितलो ते चुकलं. वाचून वाईट वाटलं. ते चित्रं निवडायला माणूस लागत असेल तर रविवारपर्यंत मी रोज रात्री दोन तास बसतो. मला पाठवून दे, मी बघतो.

शहापूरची लेक, बुधवार रात्री ८.५०

मीही. जी चित्रं डिस्कवरच्या चांगल्या फायलींशी तंतोतंत जुळतात ती एमडी५ने (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) आधीच बाजूला काढा, म्हणजे डोळ्यांसाठी थोडीच उरतील.

मलप्रभेकाठचा, शनिवार रात्री ११.१०

उशिरा लिहितोय. फोटोरेकने ११ हजारांवर चित्रं काढली. एमडी५ने गाळून हजारच्या आत आली. चिक्कोडीच्या दादांनी त्यातली निम्मी बघितली.

हरवलेल्या तेवीस पानांपैकी वीस सापडली, पूर्ण. आधीच्या चौतीस धरून चोपन्न. शिवाय दोन अर्धी. त्यांतल्या एकाच्या वरच्या पाच ओव्या वाचता येतात, दुसऱ्याच्या तीन.

म्हणजे आठ पानं पुरी गेली, दोन अर्धी राहिली.

मूळ डिस्कचं आता नवीन पार्टिशन टेबल केलं, सेक्टरमध्ये आकडे देऊन. पार्टेडमध्ये यूनिट एस करून घेतलं, म्हणजे जी की जीबी हा प्रश्नच येत नाही. काकांनी सांगितल्याप्रमाणे सुरुवात, शेवट, ब्लॉक किती, सगळं वाचनालयाच्या वहीत लिहिलं, आणि तोच कागद डब्यावर चिकटवला. एनटीएफएसचा भाग केलाच नाही. शाळेसाठी वेगळी पेनड्राइव्ह घेऊ. दुसरी प्रत बेळगावला मित्राच्या घरी राहील, महिन्याला बदलायची.

आणि एक. गेलेल्या पानांवरच्या ओव्या ज्या आजींनी सांगितल्या होत्या त्यांची नावं वहीच्या पहिल्या पानावर आहेत, ते पान सापडलं. त्यांतल्या एक आजी अजून आहेत, कणकुंबीला लेकीकडे असतात. आज फोनवर बोललो. म्हणाल्या, सगळं आठवत नाही रे बाळा, पण जात्यावर बसवलंस तर येईल. लेकीच्या घरी जातं आहे. उद्या सकाळच्या गाडीने निघतोय, फोन पूर्ण चार्ज करून आणि दोन नव्या वह्या घेऊन.